युरोप बिघडवणारी माणसं

ब्रुसेल्सच्या मिडी स्टेशनाबाहेर दर रविवारी सकाळी मोठा बाजार भरतो. ऑलिव्हचे ढीग, पुदिन्याच्या जुड्या, खजूर, संत्री, स्वस्तातल्या सुटकेसी, मोबाइलची कव्हरं. आणि तव्यावर भाजला जाणारा मसेमेन. हा मोरोक्कोचा चौकोनी, पदर सुटलेला पराठा. मध घालून, कागदात गुंडाळून हातात देतात. आम्ही सातजण त्या तव्यापुढे रांगेत उभे होतो. आदल्या दिवशी ब्रुजचे कालवे पाहून झाले होते, चॉकलेटं घेऊन झाली होती. मुक्काम मिडीजवळ होता, कारण आमच्या बजेटात तिथलीच खोली बसत होती. हे कारण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मसेमेनचा दुसरा घास घेत आमच्यातले साताऱ्याचे मित्र म्हणाले, "काय हे! पार भेंडीबाजार करून टाकलाय. ह्या लोकांनी युरोपसुद्धा बिघडवला." मग त्यांना आठवलं, मी शेजारीच उभा आहे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला नाही हां म्हणत. तू आपलाच."

मी हसलो. दहा वर्षांची माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, तरीही हसलो. हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. म्हणून आधीच सांगतो, यात मार साताऱ्याच्या मित्राला जितका बसेल तितकाच मलाही बसणार आहे.

आम्ही ऱ्हाइनकाठी, डुसेलडॉर्फला राहतो. इथल्या आम्हा मराठी माणसांचं आयुष्य शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतं असं म्हटलं तरी चालेल. ग्रुपवर प्रश्न येतो, 'या वीकेंडला कुठे?' मग कुणी कॉखेमचा किल्ला सुचवतो, कुणी मोनशाउ, कुणी हॉलंडची ट्युलिपं. २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोचं देशभराचं मासिक तिकीट निघालं तेव्हा तर आम्ही वेडेच झालो होतो. जलद गाड्यांना ते चालत नाही, म्हणून पॅसेंजर गाड्या बदलत बदलत आम्ही हायडेलबर्गपर्यंत गेलो. कोलोनला रात्री पावणेबाराला शेवटची गाडी रद्द झाल्याची पाटी पाहत थंडीत उभे राहिलो आणि सोमवारी ऑफिसात ती गोष्ट पराक्रमासारखी सांगितली. डब्यात ठेपले, चिवडा. खोलीवर गेल्या गेल्या राइस कुकरमध्ये खिचडी. या सगळ्यात मजा आहे. मी ती घेतो, पुढेही घेईन. फिरण्याला माझा विरोध नाही.

विरोध आहे तो फिरताना आम्ही डोळ्यांवर जो चष्मा लावतो त्याला. तो चष्मा ठरावीक गोष्टी दाखवतो. रस्ता कसा स्वच्छ आहे. गाडी कशी मिनिटावर येते (येत नाही, पण तसं म्हणायचं असतं). किल्ले कसे जपले आहेत. आणि या सुंदर चित्रात काळ्या केसांची, डोक्याला रुमाल बांधलेली, मोठ्याने बोलणारी माणसं आली की आमच्यातला कुणीतरी हमखास उसासा टाकतो की पूर्वीचं युरोप राहिलं नाही. पूर्वीचं युरोप आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. आमच्यातला सर्वांत जुना माणूस इथे येऊन अकरा वर्षं झाली आहेत.

शिवाय ज्या स्वच्छतेचे आम्ही व्हिडिओ काढतो ती करतं कोण? पहाटे पाचला कोलोन स्टेशनात उतरा. यंत्राने फलाट धुणारा माणूस, डब्यांतून कचऱ्याच्या पिशव्या बदलणारी बाई, कॉफीचं दुकान उघडणारा पोरगा यांच्याशी दोन शब्द बोला. कुणी तुर्कस्तानचं निघेल, कुणी सीरियाचं, कुणी घानाचं. झाडू ज्याच्या हातात आहे त्याच्यामुळेच गाव घाण झालं, हा तर्क आपल्याला नवा नाही. आपल्या देशात तो फार जुना आहे. तोच आम्ही सुटकेसमध्ये घालून इथे आणला आहे.

भेंडीबाजाराचंही तसंच. हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्यांना एवढंच सांगतो की भेंडीबाजार हे ख्यालगायकीच्या एका घराण्याचं नाव आहे आणि लताबाईंनी उमेदवारीच्या काळात त्याच घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती. असो.

मिडीच्या बाजारातली ही माणसं ब्रुसेल्सला आली कशी, हे मीही कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आली असतील, जशी माणसं येतात. त्या रविवारनंतर वाचायला लागलो, आणि पहिली गोष्ट कळली ती ही की ती आली नाहीत, त्यांना बोलावून आणलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमला कोळसा हवा होता आणि खाणीत उतरायला बेल्जियन माणूस तयार नव्हता. १९४६ साली इटलीशी करार झाला. इटलीने माणसं द्यायची, बेल्जियमने कोळसा द्यायचा. गरीब इटालियन पोरं गाड्या भरभरून आली. त्यांना युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या बराकींत ठेवलं. भाड्याच्या घरांवर 'जनावरं नकोत, परदेशी नकोत' अशा पाट्या असत, हे त्या पिढीने सांगून ठेवलं आहे. आणि ही माणसं ख्रिस्ती होती, कॅथलिक होती, गोरी होती. पुढे ८ ऑगस्ट १९५६ रोजी शार्लरवाजवळच्या मार्सिनेल गावातल्या खाणीत आग लागली. २६२ माणसं मेली, त्यातली १३६ इटालियन. इटलीने आपली माणसं पाठवणं थांबवलं. मग बेल्जियमने स्पेनकडे पाहिलं, ग्रीसकडे पाहिलं, आणि १९६४ साली फेब्रुवारीत मोरोक्कोशी, जुलैत तुर्कस्तानशी करार केला. जर्मनीने तर तुर्कस्तानशी १९६१च्या ऑक्टोबरातच करार केला होता. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात तरुणांना अंतर्वस्त्रांवर रांगेत उभं करून डॉक्टर तपासत. दातही बघत. बैलबाजारात आपल्याकडे जसे बघतात.

म्हणजे मिडीच्या बाजारात आमच्या मित्राला मसेमेन विकणाऱ्या म्हाताऱ्याचा बाप किंवा सासरा कधीतरी त्या रांगेत उभा असणार. पुढे खाणी बंद झाल्या. बेल्जियममधली शेवटची १९९२ साली, जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची २०१८च्या डिसेंबरात. बंद खाणींचं काय झालं हे मात्र आम्हाला चांगलं ठाऊक आहे, कारण वीकेंडला आम्ही तिथेच जातो! एसनची झोलफेराइन खाण २००१पासून जागतिक वारसा आहे. तिथे सरकता जिना आहे, म्युझियम आहे, हिवाळ्यात बर्फावर घसरायची सोय आहे. बेल्जियममधल्या गेंक गावची खाण आता कलाकेंद्र आहे. लोखंडी मनोऱ्याखाली उभं राहून आम्ही फोटो काढतो आणि 'औद्योगिक वारसा कसा जपावा हे यांच्याकडून शिकावं' असं खाली लिहितो. खाण वारसा झाली. त्या खाणीत उतरलेल्याचा नातू शेजारच्या गल्लीत राहतो, तो मात्र 'समस्या' आहे.

ब्रुसेल्सचं अॅटोमियमही असंच. ते ज्या १९५८च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलं त्याच प्रदर्शनात काँगोतली माणसं 'खेडं' म्हणून कुंपणाआड बसवली होती आणि बघे त्यांच्याकडे केळी फेकत. मार्सिनेलला दोनच वर्षं झाली होती तेव्हा. आमच्या सातजणांचा अॅटोमियमपुढचा फोटो चांगला आला आहे.

आता तुम्ही म्हणाल, की गरिबी समजली, कष्ट समजले, पण बॉम्ब कुणी फोडले? प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत ३२ माणसं मारली गेली. त्याआधीच्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये १३०. मारणाऱ्यांपैकी काहीजण कालव्यापलीकडच्या मोलेनबेक वस्तीतले होते. मुसलमानांची नावं असलेले, इथेच वाढलेले तरुण होते. 'त्यांचा इस्लामशी काही संबंध नाही' या एका वाक्यावर आपण सुटू शकत नाही. ते संबंध आहे असं म्हणत होते, त्यांना कुणीतरी तसं शिकवत होतं, आणि वस्तीतल्या मोठ्यांना ते दिसत नव्हतं किंवा दिसूनही गप्प बसावंसं वाटत होतं. हे आपण मुसलमानांनी बोललं पाहिजे, मोठ्याने, आणि दुसऱ्याने विचारायच्या आधी. पण त्या हिशेबाची वही मोरोक्कोच्या ऑलिव्हवाल्याच्या तोंडावर मारायची हे कुठलं शहाणपण? मालेगावात किंवा मुंबईत स्फोट झाल्यावर खेडच्या माझ्या मामांकडे लोक ज्या नजरेने बघत ती नजर मला लहानपणापासून पाठ आहे. मामा केळी विकायचे.

डुसेलडॉर्फपासून अर्ध्यापाऊण तासावर सोलिंगन आहे. सुऱ्या-कात्र्यांचं गाव. आमच्या ग्रुपच्या आवडत्या सहलींपैकी एक. म्युंगस्टेनचा १०७ मीटर उंच रेल्वेपूल पाहायचा, वुपर नदीच्या काठाने बुर्गच्या किल्ल्यापर्यंत चालायचं, वर गरम चेरी आणि क्रीम घातलेला वाफल खायचा आणि परत. ही सहल मी चार वेळा केली. पाचव्या वेळी एकटा गेलो आणि पुलाकडे न जाता उंटेरे वेर्नरश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर गेलो. साधा, चढाचा, घरांचा रस्ता. एका ठिकाणी घर नाही. त्या मोकळ्या जागेत चेस्टनटची पाच झाडं आहेत. २९ मे १९९३च्या पहाटे चार जर्मन तरुणांनी तिथल्या गेंच कुटुंबाचं घर पेटवलं. पाचजणी मेल्या. धाकटी चार वर्षांची होती, सर्वांत मोठी २७ वर्षांची. तीनच दिवस आधी संसदेने आश्रयाचा हक्क आवळणारी घटनादुरुस्ती केली होती आणि त्याआधी कित्येक महिने 'होडी भरली' अशी भाषा सगळीकडे चालली होती. त्या घरातली आजी, मेव्ल्युदे गेंच, हिने दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावूनही सूडाचा एक शब्द उच्चारला नाही. तुर्क आणि जर्मन यांनी एकत्र राहावं असंच २०२२मध्ये मरेपर्यंत सांगत राहिली. मी त्या झाडांखाली दहा मिनिटं उभा राहिलो. एक बाई कुत्रा घेऊन गेली, तिने 'मोर्गन' म्हटलं. बाकी काही नाही.

त्याच सोलिंगनमध्ये २३ ऑगस्ट २०२४ रोजी, शहराच्या साडेसहाशेव्या वर्षाच्या उत्सवात, एका सीरियन आश्रयार्थ्याने सुरी काढली आणि तीन माणसं मारली. आयसिसने ते कृत्य आपलं म्हणून मिरवलं. शुक्रवार होता. आमच्या ग्रुपवर शनिवारचा बेत रद्द झाला आणि त्या जागी मजकूर येऊ लागला. काय काय आला ते लिहीत नाही. मराठी ग्रुपवर असलेल्या कुणालाही ते अंदाजाने कळेल. सोलिंगनच्या पाच झाडांबद्दल त्या ग्रुपवर मी किंवा इतर कुणीही कधी काही टाकलं नव्हतं.

आणि सोमवारी मी काय केलं? ऑफिसच्या कँटीनमध्ये जर्मन सहकारी गप्प जेवत होते. मला कुणी काही विचारलं नाही. कुणी वाकडं पाहिलंही नाही. मीच, न विचारता, हसत हसत म्हणालो, "मी भारतीय आहे, सॉफ्टवेअरवाला. आम्ही त्यांच्यातले नाही." समोरच्या बाईने चमचा ठेवला आणि म्हणाली, "तुला असं का वाटलं की मी तसं समजले?" मला उत्तर देता आलं नाही. साताऱ्याच्या मित्राने मिडीच्या बाजारात मला जे प्रमाणपत्र दिलं होतं ना, 'तू आपलाच', तेच मी कँटीनमध्ये स्वतःहून मागत होतो.

आपण हिंदुस्थानी मुसलमान यात पटाईत आहोत. इथे आलो की तुर्कांना नावं ठेवतो, कारण ते बिअर पितात. मोरोक्कनांना नावं ठेवतो, कारण ते भांडखोर. सीरियनांना नावं ठेवतो, कारण ते सरकारी पैशावर जगतात. आम्ही ब्लू कार्डवाले, कर भरणारे, सभ्य. मशीद त्यांनी बांधलेली, चंदा त्यांच्या बापांनी खाणीतल्या पगारातून दिलेला, आणि जुम्म्याला तिथे जाऊन आम्ही नाक मुरडायचं की खुतबा तुर्कीत होतो. हलाल खाटीक त्यांचा, कोथिंबीर त्यांच्याकडे. जर्मन सुपरमार्केटात ती कुंडीत, औषधासारखी मिळते. भेंडी त्यांच्याकडे, रमजानात खजूर त्यांच्याकडे. एकट्या मुसलमानांचं कशाला, डुसेलडॉर्फमधलं एक तरी मराठी स्वयंपाकघर तुर्की दुकानाशिवाय आठवडाभर चालवून दाखवा. साताऱ्याच्या वहिनींनी त्या दिवशी मिडीच्या बाजारातून कोथिंबिरीच्या पाच जुड्या घेतल्या. पाचही परतीच्या प्रवासात माझ्या मांडीवर होत्या.

आणि वीकेंड मोठा असला की आपल्यातले काही कोर्दोबाला जातात. तिथल्या खांबांच्या रानात उभे राहून गहिवरतात, 'हे आपलं होतं' म्हणून. आपलं कधी होतं? कोकणातल्या भात लावणाऱ्या, बोटीवर कोळसा ओढणाऱ्या माणसांचं स्पेनशी काय नातं? ज्यांच्या राजवाड्याशी नातं नाही त्यासाठी डोळे भरून येतात, आणि ज्यांच्या घामाशी नातं आहे त्या मिडीच्या माणसांची लाज वाटते. कोर्दोबा सुंदर आहे, जरूर पाहा. रडू आलं तर आधी विचारा कशाचं येतंय.

घामाच्या नात्याचं म्हणतो ते उगीच नाही. माझे आजोबा बोटीवर होते. इंजिनखोलीत. त्यांनी हॅम्बर्ग आणि अँटवर्प पाहिलं होतं, म्हणजे बंदराच्या भिंतीपर्यंत. शहरात जायला वेळ नसे, आणि कपडेही. अब्बा १९८३ साली कुवेतला गेले, पाइपफिटर म्हणून. पासपोर्ट कफीलच्या कपाटात, एका खोलीत आठ खाटा. सुट्टी एकच, शुक्रवार. नमाज झाली की आठांपैकी ज्याचा सदरा बरा असेल तो घालून आळीपाळीने समुद्रावर जायचे आणि निळ्या गोळ्यांच्या कुवेत टॉवरपुढे फोटो काढायचे. आमच्या खेड तालुक्यातल्या अर्ध्या घरांच्या भिंतींवर तो फोटो आहे. अब्बांचाही आहे. सदरा त्यांचा नाही.

ती त्यांची वीकेंड ट्रिप. टॉवरच्या आत ते सात वर्षांत एकदाही गेले नाहीत, तिकीट पडायचं. १९९०च्या ऑगस्टमध्ये सद्दामचं सैन्य शिरलं तेव्हा अम्मानपर्यंत रस्त्याने आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. एक पिशवी घेऊन. तेव्हा कुवेतमधले श्रीमंत लोक हिंदुस्थानी कामगारांबद्दल काय बोलत असतील याची मला आता पक्की कल्पना आहे. मॉलमध्ये गर्दी करतात, वास येतो, शहर बिघडवलं. कुवेतचे टॉवर, रस्ते, पाइप त्याच माणसांनी बसवले होते.

मिडीच्या बाजारात मी हसलो तेव्हा मी या फोटोतल्या माणसाला हसलो. हे मला त्या रात्री गाडीत, कोथिंबीर मांडीवर घेऊन, कळलं. फार उशिरा कळलं.

साताऱ्याचे मित्र वाईट माणूस नाहीत. हे सफाई म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस आमची मुलगी त्यांच्याकडे जेवली. त्यांच्याबरोबरच मी इथे घर शोधलं होतं. दोघांनी शेजारी बसून, एकाच संध्याकाळी, चाळीस-चाळीस ठिकाणी अर्ज पाठवले. पगार सारखा, कंपनी एक. पुण्यात अशा शोधात आमचे रस्ते पहिल्या फोनलाच वेगळे झाले असते. नाव सांगितलं की मला 'आम्ही फक्त शाकाहारींना देतो' असं ऐकू येई, आणि मांसाहारी साताऱ्याला चावी मिळे. इथे मात्र चाळीसपैकी मला दोन उत्तरं आली आणि त्यांनाही दोनच. तिसऱ्या आठवड्यात ते वैतागून म्हणाले, "तुला सवय होती रे, मला नव्हती." तेवढं प्रामाणिक वाक्य मला पुण्यातल्या एकाही मित्राने कधी ऐकवलं नव्हतं.

जर्मन घरमालकाला आमच्यातला फरक कळत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. बाजारात ते विसरले. आणि हे विसरणं धोक्याचं आहे, माझ्यापेक्षा त्यांना. आम्ही राहतो त्याच राज्यात २००० साली, भारतीय संगणकतज्ज्ञांना ग्रीन कार्ड देण्याचं ठरलं तेव्हा, विधानसभेच्या प्रचारात एक यमक गाजलं होतं, 'किंडर श्टाट इंडर'. म्हणजे भारतीय नकोत, आपली मुलं हवीत. घोषणा ज्यांच्या नावाने गाजली ते युर्गेन र्‍युटगर्स पाच वर्षांनी याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. २००७च्या ऑगस्टमध्ये सॅक्सनीतल्या म्युगेल्न गावच्या जत्रेत जमावाने आठ भारतीयांना गावभर पळवून मारलं. 'परदेशी बाहेर' ओरडत होते. कुणाला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. २०२५च्या निवडणुकीत परदेशी लोकांना परत धाडण्याची भाषा करणाऱ्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, तो देशात दुसरा आला. आमच्या ग्रुपमधल्या काहींना त्याचा आनंद झाला होता. त्यांना वाटतं, झाडू फिरेल तो फक्त मिडीच्या बाजारावर. आपल्याला दारात उभं करून सांगतील, 'तू आपलाच'.

गेल्या महिन्यात मी त्यांना हे सगळं बोललो. इतक्या नीट नाही, अडखळत. त्यांच्या बाल्कनीत. ते बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "एवढं मनात होतं तर तिथेच बोलायचं. मी काय परका होतो?" यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. परका नव्हता म्हणूनच बोललो नाही, असं काहीतरी आहे ते. मुलीला मात्र त्याच रात्री सांगितलं की बाबा तिथे चुकीचं हसला. तिने विचारलं, "मग तो पराठा चांगला नव्हता?" चांगला होता, म्हटलं.

या शनिवारी-रविवारी मी मार्सिनेलला जायचं ठरवलंय. ती खाण आता म्युझियम आहे, मेलेल्या माणसांचे फोटो तिथे लावले आहेत. अवघड काही नाही. 'ब्रुसेल्स'ची म्हणून जी स्वस्त विमानं आपण पकडतो ती ब्रुसेल्सला उतरतच नाहीत, शार्लरवाला उतरतात. मार्सिनेल त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला. आपल्यातले किती लोक तिथून सुटकेस ओढत बसकडे धावले असतील! येताना रविवार सकाळ मिडीला काढायची, मसेमेन खायचा, त्या म्हाताऱ्याला विचारायचं की वडील कुठल्या खाणीत होते. माझं फ्रेंच कच्चं आहे, पण मुलीचं शाळेमुळे बरं आहे.

ग्रुपवर टाकलंय. तीन अंगठे आले. एकाने विचारलं, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" साताऱ्याच्या मित्रांनी अजून उत्तर दिलेलं नाही, पण वहिनींनी माझ्या बायकोला फोन करून विचारलं की किती वाजता निघायचं आणि कुकर कुणी घ्यायचा. गाडीत अजून दोन जागा आहेत.